क्रमांक मूळ असावा

माणूस बरा होण्याआधी त्याचा क्रमांक बरा असावा लागतो, ही गोष्ट आता सर्व प्रगत समाजांनी मान्य केलेली आहे. माणसाचं काय, तो आज आहे, उद्या नाही. तो खोकतो, कुरकुरतो, रांगेतून मधेच उठून पाणी कुठं मिळेल म्हणून विचारतो. क्रमांक तसं करत नाही. तो आपल्या रकान्यात अंग चोरून शांत बसलेला असतो. या दोघांपैकी आधी काळजी कुणाची घ्यावी, असा प्रश्न एखाद्या जबाबदार दवाखान्यापुढे येतो, तेव्हा तो दवाखाना फार घुटमळत नाही.

शिंप्याला हे ठाऊक नव्हतं. त्यात त्याचा दोष नाही. त्याचं आकड्यांचं शिक्षण साठ इंची टेपपर्यंत झालेलं, आणि त्यापुढचा आकडा त्याला कुणाच्या कमरेत कधी सापडला नव्हता.

त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. आधी धुकं आलं, मग साय धरली. मशीनवर सरळ शिवण घालायला हात पुरतो, पण काज करायला, गुंडी टाकायला डोळा लागतो. एका गिऱ्हाइकाचा सदरा त्यानं इतक्या मनापासून शिवला की सात गुंड्या आणि सात काजं यांची एकदासुद्धा गाठ पडली नाही. "सुई हातात, दोरा ओठात, नेढं मात्र ढगात," असं बायको हसत म्हणायची, आणि रोज सकाळी बारा सुया ओवून कापसाच्या गादीवर टोचून ठेवायची. दुपारपर्यंत बारा पुरायच्या. तेराव्या सुईपाशी शिंप्याचा दिवस संपायचा.

दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेच्या बाईंनी डोळा पाहिला आणि म्हणाल्या, "काका, अर्ध्या तासाचं काम आहे. अर्ज द्या, तारीख घ्या, या."

अर्ध्या तासाच्या कामाला किती वेळ लागतो, हे बाईंना सांगायचा अधिकार नव्हता.

शिंप्यानं अर्ज दिला. खिडकीतून पावती आली. पावतीवर क्रमांक होता १०४७१९५७४३९. दवाखान्यात खाटा बावीस, क्रमांक अकरा आकडी. (याला भविष्याची तरतूद म्हणतात.) पावतीच्या मागे नियम छापले होते. नियम चार: अर्ज परिपूर्ण असावा. नियम सात: अर्जावरील क्रमांक मूळ असावा. नियम अकरा: संयुक्त अर्ज सर्व संबंधितांच्या लेखी संमतीनेच ग्राह्य धरला जाईल.

हे नियम ज्यानं लिहिले तो साधा माणूस असावा. अर्धवट भरलेले अर्ज येतात, पावतीच्या झेरॉक्स काढून एकाच क्रमांकावर तिघं येतात, नवराबायको मिळून एकच अर्ज देतात, अशा किरकोळ त्रासाला कंटाळून त्यानं तीन ओळी लिहिल्या आणि तो निवृत्त झाला. पुढे एका तपासणीत शेरा आला, "मूळ म्हणजे काय, याची व्याख्या कार्यालयात उपलब्ध नाही." शेरा गंभीर होता. समिती बसली. समितीनं कार्यालयातले सर्व संदर्भग्रंथ मागवले. सर्व संदर्भग्रंथ एकच निघाला, आणि तोही टेबलाच्या आखूड पायाखालून काढावा लागला. ते शाळेचं गणिताचं पुस्तक होतं. त्यात पान बेचाळीसवर स्वच्छ लिहिलं होतं: ज्या संख्येला १ आणि ती संख्या एवढेच विभाजक असतात, तिला मूळ संख्या म्हणतात. बाकीच्या मोठ्या संख्या संयुक्त.

टेबल तेव्हापासून डुगडुगतं, पण व्याख्येचा प्रश्न कायमचा मिटला.

आठवड्यानं शिंपी तारीख विचारायला गेला, तेव्हा त्याला 'मूळता तपासणी कक्षा'त पाठवलं गेलं. कक्षाचे मुख्य लिपिक अत्यंत गोड माणूस. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'बाकी'नं करायची त्यांची सवय, म्हणून अख्खा दवाखाना त्यांना बाकीराव म्हणे.

"बाकी सगळं ठीक आहे काका," बाकीराव म्हणाले, "फक्त क्रमांक मूळ आहे की नाही, एवढं बघावं लागेल."

शिंप्यानं खिशातून पावती काढली. "मूळच आहे हो साहेब. हात लावून बघा. झेरॉक्स घरी ठेवलीय."

"कागद मूळ आहे. आकडा मूळ आहे का?"

"आकडा तर तुम्हीच दिलात."

"बाकी दिला आम्हीच. पण देताना तपासून देत नाही. देणारा विभाग वेगळा, तपासणारा वेगळा. एकाच माणसानं दोन्ही केलं तर पारदर्शकता राहील का, तुम्हीच सांगा."

शिंप्याला पारदर्शक असं त्या दिवसांत फारसं काही दिसत नव्हतं. तो मान हलवून घरी आला.

घरी मोठी मेहुणी आलेली होती. म्हणजे बायकोची थोरली बहीण, चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्या हाताखालून गेलेली माणसं आजही रस्त्यात ती दिसली की पाढा आठवत पलीकडच्या फुटपाथवर जातात. शिंपी तिला ताई म्हणे आणि थोडा घाबरून असे. तिनं पावती घेतली, फोनवर बोटं फिरवली.

"मेहुणे, हा आकडा मूळ नाही. नव्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव गुणिले एक लाख चार हजार सातशे एकोणतीस. झालं. आता त्यांना सांगा आणि तारीख घ्या."

"इतकं सोपं असतं का ताई?"

"गणित सोपंच असतं. माणसं अवघड असतात. चला, मी येते."

दुसऱ्या दिवशी मेहुणीनं बाकीरावांपुढे उत्तर ठेवलं. बाकीरावांनी ते आदरानं वाचलं आणि आदरानंच परत दिलं.

"बाकी उत्तर बरोबर असेल, बाई. पण उत्तर म्हणजे कार्यवाही नव्हे. आम्हाला दोनपासून क्रमानं भागत जावं लागतं. मधली एक संख्या गाळली आणि उद्या ती न्यायालयात गेली तर?"

"संख्या न्यायालयात जाईल?"

"बाकी काळ कसा आलाय ते तुम्ही बघताच."

मेहुणीनं चष्मा पुसला. शाळेत ती चष्मा पुसायला लागली की मागच्या बाकावरची मुलं श्वास रोखून बसत. "बरं. मग मला सांगा, नियम चार म्हणतो अर्ज परिपूर्ण हवा. तुमच्या त्याच पुस्तकाप्रमाणे परिपूर्ण संख्या कोणती?"

"ज्या संख्येच्या, ती स्वतः सोडून, सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते ती," बाकीराव पाठ म्हणाले. "सहा. एक, दोन आणि तीन मिळून सहा. मग अठ्ठावीस. मग चारशे शहाण्णव. अर्ज क्रमांक सहाची शस्त्रक्रिया झाली होती. फार जुनी गोष्ट. अजून आठवण काढतात लोक."

"आणि मूळ संख्येला, ती स्वतः सोडली, तर विभाजक कोण उरतो? फक्त एक. त्याची बेरीज एक. म्हणजे मूळ संख्या जन्मात परिपूर्ण असू शकत नाही. नियम चार आणि सात एकाच वेळी पाळणारा आकडाच जगात नाही!"

"म्हणूनच तर बाई," बाकीरावांचा चेहरा समाधानानं उजळला, "आजवर या कक्षातून एकाही अपात्र माणसाला तारीख गेलेली नाही."

"आणि पात्र माणसाला?"

"ती आकडेवारी दुसऱ्या विभागाकडे असते."

शिंप्याच्या मनात एवढंच राहिलं की सहा नंबरवाल्याची झाली होती. म्हणजे होऊ शकते.

"मग साहेब, माझ्यासारख्यानं काय करायचं?" त्यानं हळूच विचारलं.

बाकीराव पुढे झुकले. माणूस खरंच मनानं वाईट नव्हता. "बाकी एक वाट आहे, काका. तुमचा आकडा संयुक्त निघावा अशी आशा धरा. संयुक्ताला मूळ असण्याची आणि परिपूर्णतेची, दोन्ही अटी माफ आहेत. फक्त संमत्या लागतात."

"पण तो संयुक्त आहेच!" मेहुणी ओरडली.

"बाकी तसं निघालं तर उत्तमच," बाकीराव म्हणाले.

आणि भागाकार सुरू झाला.

या कामाची शिस्त पाहण्यासारखी होती, आणि तिचं कौतुक न करणं हा कृतघ्नपणा होईल. पहिला लिपिक भागायचा. दुसरा त्याचा भागाकार तपासायचा. दुसऱ्यानं तपासला की नाही, हे तिसरा तपासायचा. दोन आणि पाच यांची चौकशी शिपायानं उभ्या उभ्या केली (शेवटचा आकडा नऊ, दोघंही बाद). तीनसाठी अंकांची बेरीज केली गेली. ती पन्नास भरली, दोन उरले. सातापासून मात्र खरी मेहनत. दिवसाला चाळीस भागाकार, एक कागद. लाखाच्या आत मूळ संख्या नऊ हजार पाचशे ब्याण्णव, म्हणजे कामाचे दिवस दोनशे चाळीस. दवाखान्याच्या मागच्या अहवालानुसार कक्षाची कार्यक्षमता शंभर टक्के, अचूकता शंभर टक्के, आणि दृष्टी परत मिळालेल्यांची टक्केवारी छपाईत पुसट आलेली आहे.

रोज संध्याकाळी दारावरच्या फलकावर त्या दिवसाच्या बाक्या लागायच्या. शिंपी दुकान बंद करून फलकापाशी जायचा. आधी तो स्वतः वाचायचा. मग फलकाच्या फार जवळ जाऊन वाचायचा. मग त्याच्या नाकाला खडू लागायला लागला, तेव्हापासून बायको सोबत यायची आणि ती वाचायची. घरी येऊन सुया ओवताना ती आपल्याच तालात गुणगुणायची:

*सातानं भागली गं, सहा उरले हातात,*
*अकरानं भागली गं, नऊ उरले काजात,*
*तेरानं भागली गं, आठ उरले दोऱ्यात,*
*भागता भागेना गं, जीव भागला आत.*

"कुठं शिकलीस गं हे?" शिंप्यानं एकदा विचारलं.

"शिकतेय कुठं. तुमचा नंबर आहे तो. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचा इतका मोठा आहे का?"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग समोरचा सुयांचा डबा समजून त्यानं तिचा हात उचलला, आणि तिनं तो तसाच राहू दिला.

आता ती सकाळी चोवीस सुया ओवायची. त्या दुपारपर्यंतही पुरायच्या नाहीत, कारण सुई ओवलेली असली तरी कापड कुठं संपतं आणि बोट कुठं सुरू होतं, हा नवा प्रश्न निघाला होता. काळ्या पँटला पांढरा दोरा लागला. गिऱ्हाईक भलं; "फॅशन आहे का?" एवढंच विचारून गेलं आणि पुन्हा आलं नाही. शेजारच्या दुकानदारानं सुचवलं, "काका, पडदे शिवा. पडद्याला गुंड्या नसतात." शिंपी पडदे शिवू लागला. आयुष्यभर माणसांची मापं घेतलेल्या माणसाला खिडक्यांची मापं घेताना कसं वाटतं, असा रकाना कोणत्याही अर्जात नाही.

दोनशे चाळिसाव्या दिवशी, दुपारच्या चहानंतर, पहिल्या लिपिकानं ९९९९१ नं भाग दिला आणि बाकी शून्य आली. पाच आकडी मूळ संख्यांमधली ही सर्वांत मोठी, म्हणजे अगदी रांगेच्या शेपटाला उभी. दुसऱ्यानं तपासलं. तिसऱ्यानं दुसऱ्याला तपासलं. बाकीरावांनी उभं राहून घोषणा केली, "बाकी काही नाही!" आणि हे वाक्य त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच पूर्ण अर्थानं खरं ठरलं.

भागाकाराचं फळ १०४७२९ आलं. मेहुणीनं शिंप्याला फोन करून एवढंच सांगितलं, "मेहुणे, दहा महिने आधी सांगितलेलं कुणी ऐकलं असतं तर..." आणि फोन ठेवला.

शिंप्याचा अर्ज आता रीतसर संयुक्त झाला होता. म्हणजे तो त्याचा एकट्याचा राहिला नव्हता. अर्जदार क्रमांक ९९९९१ आणि १०४७२९ या दोघांच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या डोळ्याला हात लावता येणार नव्हता. दोघंही जुन्या नोंदवहीत निघाले. दोघांना सामाईक विभाजक नव्हता, म्हणजे ते सहमूळ होते; त्यामुळे त्यांनी आपसांत संगनमत केल्याचा संशय घेता येत नाही, असा अनुकूल शेरा बाकीरावांनी स्वतःहून मारला.

९९९९१ म्हणजे एक घड्याळजी. त्यालाही मोतीबिंदूच. नऊ वर्षांपूर्वी त्याचा क्रमांक मूळ निघाला होता.

"मूळ निघाला म्हटल्यावर अख्ख्या गल्लीला चहा पाजला मी," घड्याळजी सांगत होता. "मग कळलं, मूळ आहे म्हणजे परिपूर्ण नाही. तेव्हापासून बसलोय. तुमचं नशीब थोर बुवा, तुम्ही फुटलात."

"सही द्याल ना?"

"देतो की. माझी अडली म्हणून तुमची कशाला अडवू? कुठं करू?"

"इथं."

"इथं म्हणजे कुठं?"

"मलाही तसं नीट दिसत नाही, पण इथंच कुठंतरी असं बायको म्हणाली."

दोघं टेबलावर वाकून ओळ शोधत राहिले. शेवटी सोबत आलेल्या मेहुणीनं घड्याळजीचं बोट धरून ओळीवर ठेवलं. सही कागदावर सुरू झाली आणि टेबलावर संपली. (टेबलावरच्या भागाची साक्षांकित प्रत पुढे जोडण्यात आली.)

१०४७२९ शोधायला जास्त वेळ लागला. ना पत्ता, ना फोन. सहा आठवड्यांनी शिपाई कक्षातलं लोखंडी कपाट पुसत असताना त्याला कपाटाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा दिसला. तोच आकडा. दवाखान्याच्या सामानाची नोंद कुणीतरी कधीतरी रुग्णांच्याच वहीत केली होती, आणि शिंप्याच्या डोळ्याला संमती द्यायचा अर्धा अधिकार त्या कपाटाकडे होता. शिंप्याची फाइल त्याच कपाटात होती.

"मग तुम्हीच करा ना कपाटाच्या वतीनं सही!" मेहुणी म्हणाली.

बाकीराव दुखावले. "बाकी मी असा कपाटाच्या नावावर सह्या करणारा माणूस वाटतो का तुम्हाला?"

रीतसर नोटीस निघाली. ती कपाटाच्या दारावर चिकटवली गेली. तीस दिवसांत आपले म्हणणे मांडावे. त्या तीस दिवसांत शिंपी रोज सकाळी येऊन कपाटासमोरच्या बाकावर बसायचा. आपण काही बोललो तर त्याला राग येईल, असं वाटून तो गप्प असायचा. एकतिसाव्या दिवशी नोंद झाली: "कपाटाने मुदतीत म्हणणे मांडले नाही, सबब त्याची हरकत नसल्याचे गृहीत धरण्यात येत आहे."

चौदा महिन्यांनी तारीख मिळाली.

त्या सकाळी बायकोनं त्याला त्यानंच पूर्वी शिवलेला सदरा घातला, गुंड्या तिनंच लावल्या. दोघं जिना चढले. पायऱ्या ती मोजत होती, तो तिच्या आवाजावर पाय टाकत होता. शस्त्रक्रियेच्या बाईंपुढे फाइल ठेवली गेली. भागाकारांचे दोनशे चाळीस कागद, वर संमत्या, खाली नोटीस, मधे टेबलाची साक्षांकित प्रत. बाईंनी पहिलं पान उघडलं. त्यावर 'बाधित अवयव' असा रकाना होता. बाईंनी तो दोनदा वाचला.

गणिताच्या पुस्तकात संख्येच्या विभाजकांना अवयवही म्हणतात. बाकीरावांच्या सुंदर अक्षरात रकाना भरलेला होता: ९९९९१ आणि १०४७२९.

"काका," बाई म्हणाल्या, "हे तुमचे कुठले अवयव?"

"एक घड्याळजी आहे," शिंपी म्हणाला, "आणि एक कपाट."

बाईंनी फाइल बाजूला ठेवली, खुर्ची पुढे ओढली, त्याची हनुवटी हातात धरून प्रकाशाकडे वळवली. "ते राहू द्या. मला सांगा, डोळा कुठला?"

"अर्ज केला तेव्हा एक होता, बाई." शिंपी म्हणाला. "आता दोन्ही."

बायकोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी रकाना खोडून 'डोळे: २' असं लिहिलं. आकडा बदलल्यामुळे फाइल खाली बाकीरावांकडे जावी लागली. चार मिनिटांत ती परत आली. दोन ही संख्या मूळ आहे, असं पान बेचाळीसवर उदाहरणातच दिलेलं होतं. भागाकाराची गरज पडली नाही. ती परिपूर्ण नाही, पण डोळ्यांच्या बाबतीत परिपूर्णतेचा आग्रह धरू नये, असा मानवतावादी शेरा बाकीरावांनी मारला होता.

"दोन्ही एकदम नाही करत आम्ही," बाई म्हणाल्या. "मग सांगा, काका. आधी कुठला करू?"

चौदा महिन्यांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. शिंप्यानं बोट उचलून एका भुवईवर ठेवलं. बाईंनी तिथं शाईची एक बारीक खूण केली.

ती खूण डाव्या भुवईवर होती की उजव्या, हे फाइलमध्ये कुठंही नाही. या कथेतही नाही. अर्ध्याअधिक वाचकांनी फोन काढून ९९९९१ गुणिले १०४७२९ हा गुणाकार करून पाहिला असणार, आणि तो बरोबर आल्याचं त्यांना समाधानही वाटलं असणार. पहिल्या पानापासून इथपर्यंत 'कुठला डोळा?' असं मात्र तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मूळता तपासणी कक्षात चौथ्या लिपिकाची जागा रिकामी आहे. अर्ज पाठवायला हरकत नाही. क्रमांक तेवढा आम्ही देऊ.